संस्थेची प्रपोजलं एआयकडून लिहून घ्यावीत का? (नाशिककरांचे अनुभव हवेत)

दप्तरवाली | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार. नाशिक आणि आसपासच्या सामाजिक संस्थांत काम करणाऱ्यांसाठी धागा काढतेय. पैसे देणाऱ्या बाजूचे कोणी इथे असतील तर त्यांनीही जरूर लिहावं.

आमची संस्था लहान आहे. पेठ आणि सुरगाणा तालुक्यांतल्या पाड्यांवर पिण्याचं पाणी आणि किशोरवयीन मुलींचं आरोग्य, असं काम. ऑफिस गंगापूर रोडला, भाड्याच्या दोन खोल्या. फील्डची माणसं तिकडे. इकडे मी, अर्धवेळ अकाउंटंट आणि आमचे सर. माझं इंग्रजी 'त्यातल्या त्यात बरं' म्हणून प्रपोजल, म्हणजे निधी मागणारा प्रस्ताव, लिहिणं माझ्या गळ्यात पडलं, ते अजून तिथेच आहे. फेब्रुवारी उजाडला की कुठल्यातरी कंपनीचा फोन येतो, "मॅडम, परवापर्यंत काहीतरी पाठवा."

गेल्या बैठकीत एक विश्वस्त काका म्हणाले, आता चॅटजीपीटी आहे, महिन्याला दहा प्रपोजलं पाठवा, एखादं लागेलच. सरांचं मत बरोबर उलटं. असलं काही पाठवलं तर संस्थेची अब्रू जाईल म्हणतात. मला दोघांचंही पूर्ण पटत नाही आणि पुढच्या बैठकीत दोघांनाही उत्तर द्यायचंय.

नक्की कुठलं काम याच्याकडे सोपवावं? आमच्या मुलींची माहिती त्यात टाकावी का? आणि देणगीदाराला सांगायचं का, की मदत घेतलीय? फुकट काय मिळतं वगैरे नंतर बघू. 'एआय म्हणजे काय' छापाचे व्हिडिओ कृपया नकोत, व्हॉट्सअॅपवर पुरेसे येतात.

हिंजवडीचा_नाशिककर | सोमवार, रात्री १०:१५

पहिल्या प्रश्नापुरतं सांगतो. 'आदिवासी भागातल्या पाणी प्रकल्पासाठी प्रपोजल लिही' एवढंच सांगितलंत तर तो अख्खं प्रपोजल लिहून देईल, आणि तीच अडचण आहे. ही मॉडेलं पुढचा शब्द कुठला शोभेल याचा अंदाज बांधत जातात. त्याला तुमचा पाडा माहीत नसतो, पण प्रपोजलमध्ये अशा जागी आकडा असतो एवढं पक्कं माहीत असतं. म्हणून तो आकडा घालतो. डळमळीत शब्दांत नाही, छातीठोकपणे.

त्यामुळे आधी तुमचंच साहित्य द्या. मागचे वार्षिक अहवाल, मंजूर झालेली आणि नाकारलेली प्रपोजलं, देणगीदाराचा नमुना. मग सांगा की यातलंच वापर, यात नसेल तिथे 'माहिती हवी' असं लिहून जागा रिकामी सोड. गूगलच्या नोटबुकएलएमसारखं साधन अशा कामाला बरं पडतं, कारण ते तुम्ही चढवलेल्या कागदांवरूनच उत्तर देतं आणि कुठल्या परिच्छेदातून घेतलं ते दाखवतं. तरी तो परिच्छेद उघडून वाचायचाच.

खडूस_लेखनिक | सोमवार, रात्री ११:०२

गेली बरीच वर्षं संस्थांना प्रपोजलं लिहून देतो, त्यावर पोट आहे. माझं मत त्या मापानं घ्या.

विश्वस्त काकांचं गणितच चुकीचं आहे. दहा जागी तेच प्रपोजल टाकून पैसे मिळत नाहीत, एआय नव्हतं तेव्हाही मिळत नव्हते. पैसे मिळतात ते आधी कुणीतरी कुणाशीतरी बोललेलं असतं म्हणून. कंपनीचा माणूस एकदा तुमच्या पाड्यावर येऊन गेलेला असतो, किंवा तुम्ही त्याला दोन पानी कन्सेप्ट नोट देऊन 'तुमच्या यंदाच्या विषयात हे बसतं का' असं विचारलेलं असतं. प्रपोजल हा त्या बोलण्याचा लेखी जबाब. बोलणंच झालं नसेल तर जबाब मशीननं लिहिला काय आणि मी लिहिला काय.

दुसरं म्हणजे, लिहिता लिहिता संस्थेला स्वतःचं काम समजतं. मी कार्यकर्त्यांना समोर बसवून विचारतो, हातपंप बंद पडल्यावर पहिला फोन कुणाला जातो? निम्म्या वेळा त्यांच्यातच वाद होतो. तो वाद होणं गरजेचं असतं. मशीन तो होऊच देत नाही, गुळगुळीत परिच्छेद देऊन मोकळं होतं.

(अवांतर: 'सीएसआर, म्हणजे कंपन्यांचा समाजकार्याचा निधी, मिळवून देतो, मंजूर रकमेच्या दहा टक्के द्या' म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. निधी उभारणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय आचारसंहितेतही टक्केवारीवर मोबदला घेणं निषिद्ध आहे. आपल्याकडे हे लोक हॉटेलात बोलावतात आणि चहाचे पैसेही तुम्हालाच द्यायला लावतात.)

सातपूर_सीएसआर | मंगळवार, सकाळी ८:२०

मी पलीकडच्या बाजूला बसतो. सातपूर एमआयडीसीतल्या एका कंपनीचं सीएसआर बघतो, शिवाय एचआरची बाकी कामं आहेतच. कंपनीचं नाव विचारू नका.

आधी तो फेब्रुवारीचा फोन का येतो ते सांगतो. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खाली, नक्त मूल्य ५०० कोटी किंवा उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी यांपैकी एक ओलांडलं की मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावे लागतात. उरलेले पैसे नुसते ठेवून देता येत नाहीत. चालू प्रकल्पाचे असतील तर आर्थिक वर्ष संपल्यावर ३० दिवसांत वेगळ्या खात्यात, नसतील तर सहा महिन्यांत परिशिष्ट ७ मधल्या सरकारी निधीत. म्हणून शेवटच्या दोन महिन्यांत आमची पळापळ आणि तिचा त्रास तुम्हाला.

एआयबद्दल. अलीकडे माझ्याकडे येणारी प्रपोजलं एकाच शाळेत शिकल्यासारखी दिसतात. सगळीकडे तीच 'सर्वांगीण', 'शाश्वत', 'सक्षमीकरण' मालिका, इंग्रजी निर्दोष, आणि तीन पानं वाचूनही काम कुठल्या गावात आहे ते कळत नाही. सिंहस्थाच्या तोंडावर तर गोदावरी स्वच्छतेचे प्रस्ताव इतके येतात की त्यातलं नाव झाकलं तर कोणतं कुणाचं ते संस्थेलाही ओळखता येणार नाही. माझा राग मशीनवर नाही. पूर्वी मोडक्या इंग्रजीतलं पण खरं प्रपोजल आणि नुसतं सजवलेलं प्रपोजल वेगळं काढता यायचं. आता दोन्ही सारखीच चकचकीत. मग मी काय करतो? पहिल्यांदा कागद बघतो. सीएसआर-१ (सीएसआर निधी घ्यायला लागणारी नोंदणी), १२ए आणि ८०जी (आयकर सवलतीच्या नोंदण्या), तीन वर्षांचं काम आणि ऑडिट. त्यानंतर थेट बजेट उघडतो. मजकूर शेवटी. आणि मग फील्डच्या माणसाला फोन लावतो, ऑफिसच्या नाही.

पाड्यावरचा | मंगळवार, दुपारी २:०५

त्या फोनवर बोलणारा माणूस मीच, म्हणजे माझ्यासारखा. हरसूल-पेठ पट्ट्यात काम करतो. पाड्यावर रेंज नसते, तेव्हा उशिरा उत्तर दिलं तर समजून घ्या.

आमच्या संस्थेत मागच्या वर्षी एका होतकरू मुलानं एआयवर मसुदा काढला आणि आम्हाला वाचायला पाठवला. पाणी माणशी रोज १३५ लिटर, असं लिहिलेलं. ते शहराचं मोजमाप. जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागाला ५५ लिटर धरतात. १३५ नं हिशेब केला की टाकी मोठी, पाईप मोठा, मोटर मोठी, आणि आमच्या झऱ्यात उन्हाळ्यात तेवढं पाणीच नाही. दुसऱ्या पानावर कोकणा या आमच्या डोंगरातल्या आदिवासी समाजाला त्यानं थेट समुद्रकिनाऱ्यावर नेऊन मासेमारीला लावलं होतं! चहा पिताना सगळ्यांनी मिळून वाचलं.

पण हसण्यावारी न्यायची गोष्ट वेगळी आणि खटकलेली वेगळी. मसुद्यात होतं की पालकांच्या अनास्थेमुळे मुली शाळा सोडतात. आमच्याकडे दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं दिंडोरी-निफाडला द्राक्षाच्या कामाला उतरतात. छाटणी, डिपिंग, पुढे काढणी. धाकट्या भावंडाला सांभाळायला मुलगी बरोबर जाते. ही काय अनास्था झाली? आणि पाण्याचं म्हणाल तर मसुद्यात 'दुष्काळी भाग' लिहिलेलं. अहो, इथे पावसाळ्यात धो धो कोसळतं. खाली काळा खडक, वर उतार, पाणी दमणगंगा, नार, पार या नद्यांतून गुजरातच्या बाजूला निघून जातं आणि मार्चमध्ये बाया हंडे घेऊन दरीत उतरतात. दुष्काळी म्हटलं की उपाय वेगळा सुचतो, हे खरं कारण लिहिलं की वेगळा.

आदिवासी म्हटल्यावर त्या मशीनला मागास, अज्ञानी, अंधश्रद्ध एवढंच सुचतं. कारण आजवर आपणच, संस्थांनीच, तसं लिहून ठेवलंय. तेच ते वाचून बसलंय.

दप्तरवाली | मंगळवार, दुपारी ३:३०

पाड्यावरचा दादा, शेवटचं वाक्य झोंबलं, पण खरं आहे. आमच्या २०१५-१६ च्या अहवालातही अशीच भाषा आहे.

अजून विचारते. तुमच्याकडे फील्डवरून माहिती कशी येते? आमच्याकडे वह्या येतात, आणि त्या वह्यांतलं मला फारसं वाचता येत नाही.

पाड्यावरचा | मंगळवार, रात्री ८:५०

वह्या लिहायचा कंटाळा सगळ्यांनाच. आम्ही आता भेट झाली की मोटरसायकलला टेकून फोनवर बोलून ठेवतो, पाच-सात मिनिटं. कोण भेटलं, काय म्हणालं, काय बंद पडलंय. मराठीत, मधूनमधून कोकणा. रेंज आली की ऑफिसला जातं. तिथे ते एआयनं टाईप करून घेतात. मराठी बरंच बरोबर येतं, कोकणा बोली आली की गडबडतं, गावांची नावं तर हमखास बिघडतात. म्हणून आठवड्यानं एकदा बसून वाचून दुरुस्त करतो. या एका कामासाठी मी त्या मशीनला शंभर गुण देईन. आधी जे माझ्या डोक्यातच राहायचं ते आता कागदावर येतंय.

हिशेबनीस | मंगळवार, रात्री १०:३०

कोणीच बजेटबद्दल बोलत नाही, म्हणून आलो. सीए नाही, पण संस्थांची टॅली सांभाळण्यात केस पांढरे केलेत.

चॅटबॉटकडून बेरीज करून घेऊ नका. बजेट एक्सेलमध्ये, सूत्रं घालून. त्याला फक्त 'कुठला खर्च राहून गेला का' एवढं विचारा. हे तो चांगलं सांगतो. माझ्या एका संस्थेच्या बजेटात कार्यकर्त्यांचा अपघात विमा आणि ऑडिट फी राहिली होती, त्यानं बरोबर दाखवली. पण दर विचारले तर मुंबई-दिल्लीचे सांगतो. सुरगाण्यात गवंडी कितीला मिळतो ते सुरगाण्यातच विचारायचं. बोअरवेल, पाईप, सिमेंट यांची तीन कोटेशनं मागवून फायलीत लावा, पुढे ऑडिटला तीच लागतात.

दुसरं, नियम त्याच्याकडून ऐकू नका. 'सीएसआरमध्ये संस्थेचा प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या वर चालत नाही' असं तो बिनधास्त सांगतो, कारण इंटरनेटवर शंभर ठिकाणी तसंच लिहिलंय. नियमातली ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या प्रशासकीय खर्चाला आहे. प्रकल्प राबवायला लागणारा खर्च, म्हणजे कार्यकर्त्यांचं मानधन, प्रवास, देखरेख, तो त्यात येत नाही. परदेशी निधीची गोष्ट निराळी. एफसीआरएत, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्यात, २०२० च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली, आणि तो पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. या दोन गोष्टींची खिचडी केलेला मसुदा मी स्वतः वाचलाय. त्यात परदेशी देणगीतून तीन भागीदार संस्थांना पैसे वाटायचे होते. तो तसाच गेला असता तर एफसीआरए नोंदणीवरच आलं असतं.

सातपूर_सीएसआर | बुधवार, सकाळी ८:१०

हिशेबनीस, ५ टक्क्यांचं तुमचं बरोबर आहे. पण खरं सांगायचं तर कित्येक कंपन्यांत वरच्या लोकांनाही तसंच वाटतं, आणि संस्थेनं भाड्याची ओळ लिहिली की भुवया वर जातात. म्हणून सुचवतो, ऑफिस भाड्याचा प्रकल्पावर पडणारा वाटा कसा काढला ते तळटीपेत एका ओळीत द्या. 'इतर खर्च' या नावाखाली काही लपवू नका. मी 'इतर' दिसलं की फोन उचलतो.

पायरीवरची_वकील | बुधवार, दुपारी १२:४५

मुलींच्या माहितीबद्दल कोणी लिहिलं नाही, मी लिहिते. सी.बी.एस.जवळच्या कोर्टात असते, संस्थांचे धर्मादाय आयुक्तांकडचे बदल अहवाल वगैरे करते.

नाव, गाव, वय, आजार, फोटो, आधार, यांतलं काहीही चॅटबॉटमध्ये टाकू नका. कायद्याचा मुद्दा आधी घेऊ. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमती ठराविक कारणापुरती असते, आणि अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती लागते. तुम्ही आरोग्य तपासणीसाठी घेतलेली सही प्रपोजल लिहून घ्यायला चालत नाही. बालन्याय कायदा २०१५ चं कलम ७४ वेगळंच. संरक्षणाची गरज असलेल्या किंवा कायद्याशी संघर्षात आलेल्या मुलाची ओळख पटेल असं काही प्रसिद्ध करायलाच बंदी आहे. पोक्सोच्या प्रकरणात तर विचारूच नका.

पण कायद्यापेक्षा साधी गोष्ट बघा. चाळीस घरांच्या पाड्यात 'एक चौदा वर्षांची मुलगी, वडील वारलेले, आई द्राक्षाच्या कामाला जाते' एवढं लिहिलं की नाव कशाला हवं? गावात सगळ्यांना कळलं. नाव बदललं म्हणजे काम झालं असं समजणाऱ्या संस्था मी पाहिल्या आहेत. प्रपोजलमध्ये यशोगाथा हवीच असेल तर दोन-तीन मुलींचे अनुभव एकत्र करून लिहा आणि तसं केलंय हे तिथेच नमूद करा.

शिवाय फुकटच्या खात्यात टाकलेला मजकूर पुढच्या मॉडेलच्या प्रशिक्षणासाठी वापरला जाऊ शकतो. बहुतेक ठिकाणी ते बंद करायचं बटण सेटिंगमध्ये असतं. आज जाऊन बंद करा, मग धागा वाचा.

हिंजवडीचा_नाशिककर | बुधवार, रात्री ९:००

वकील मॅडमना अनुमोदन. बटण बंद केलं तरी नावं टाकू नयेतच.

आकड्यांबद्दल एक सोपी चाळणी सांगतो, कारण हे वारंवार होतं. मागे मी गंमत म्हणून एका चॅटबॉटला सुरगाणा तालुक्यातलं कुपोषण विचारलं. त्यानं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ चा हवाला देऊन तालुक्याची टक्केवारी दिली, दशांशासकट. ते सर्वेक्षण जिल्ह्याच्या खाली जातच नाही. तालुक्याचा आकडा त्यात असूच शकत नाही. राज्याचा आहे, महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी, हा २०१९-२१ चा. नाशिक जिल्ह्याचं पत्रक वेगळं मिळतं. तेव्हा आकडा दिसला की आधी विचारायचं, हे मोजतं कोण आणि कुठल्या पातळीपर्यंत मोजतं.

तसंच जनगणनेचं. जिल्ह्याची लोकसंख्या ६१ लाख ७ हजार, त्यात आदिवासी साधारण २५.६ टक्के, हे २०११ चं. पुढची जनगणना २०२७ ची. २०११ चा आकडा 'सध्या' म्हणून लिहिलेला दिसला तर समजा की कुणी वाचलेलं नाही.

खडूस_लेखनिक | बुधवार, रात्री १०:२०

म्हणजे मुली, आकडे, बजेट, नियम, समाजाचं वर्णन, यांपैकी काहीही त्याच्यावर सोपवायचं नाही. मग उरलं काय, सुवाच्य अक्षर?

दप्तरवाली | शुक्रवार, रात्री १०:५०

लेखनिक सर, उरतं. करून बघितलं ते लिहिते.

आमचं एका पाड्यासाठीचं पाण्याचं प्रपोजल कच्चं तयार होतं. गावाचं नाव आणि माणसांची नावं काढली, देणगीदाराचा नमुना जोडला आणि सांगितलं, यातलं एक अक्षर बदलू नकोस. तू पैसे देणारा आहेस, कंजूष आहेस, आधी एकदा फसलेला आहेस. मला प्रश्न विचार.

प्रश्नांची रांग आली. बरेच टाकाऊ होते. पण काही असे, की मी उठून सरांना फोन लावला. झऱ्यावरून टाकीत पाणी चढवणार, तर मोटारीचं वीजबिल तिसऱ्या वर्षी कोण भरणार? तुम्ही लिहिलंय की बायकांचा पाणी भरण्याचा वेळ वाचेल, तो आत्ता किती लागतो हे कधी मोजलंय का? वरच्या वस्तीला आणि खालच्या वस्तीला एकाच टाकीतून पाणी देणार, तर उन्हाळ्यात आधी कुणाला? हा शेवटचा प्रश्न वाचून मी गप्पच बसले. आमच्या दोन गावांत नेमकं यावरूनच भांडण झालेलं आहे, आणि प्रपोजलमध्ये त्याचा उल्लेखही नाही.

उत्तरं त्याच्याकडून घेतली नाहीत. प्रश्न मराठीत करून फील्डला पाठवले. उत्तरं आली की मी मराठीतच लिहीन आणि मग इंग्रजी करायला त्याला देईन. तेवढं इंग्रजी तपासता येतं मला. पहिल्यापासून इंग्रजीत विचार करून लिहायचं म्हटलं की माझं प्रत्येक वाक्य 'दि कम्युनिटी विल बी' असंच सुरू व्हायचं.

खडूस_लेखनिक | शुक्रवार, रात्री ११:३०

हे मी करतो ते काम आहे. वीजबिलाचा प्रश्न तर मी शब्दशः विचारतो. फी मात्र घेतो.

बरं, मान्य. पण एक लक्षात घ्या, त्यानं प्रश्न विचारला तो कागदावरून. मी विचारतो ते समोरच्याचा चेहरा बघून. 'ग्रामसभेची संमती आहे' असं वाक्य आलं की मी विचारतो, कुठल्या ग्रामसभेची? पेठ-सुरगाणा पेसा क्षेत्रात येतात, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा तिथे लागू आहे. तिथे पाड्याची स्वतःची ग्रामसभा असू शकते. ग्रुप ग्रामपंचायतीचा ठराव आणला आणि पाड्यानंच खोदकाम अडवलं, हे मी पाहिलंय. मशीननं हे विचारलं का?

दप्तरवाली | शनिवार, सकाळी ७:४५

नाही विचारलं. यादीत घातलं.

गोदाकाठ७२ | शनिवार, सकाळी १०:१०

निवृत्त शिक्षक, एका वाचनालयाच्या कामात आहे. आमचे जुने अहवाल श्रीलिपीत टाईप केलेले आहेत. चॅटबॉटमध्ये चिकटवले तर इंग्रजी अक्षरांची रांगोळी दिसते. काही उपाय?

हिंजवडीचा_नाशिककर | शनिवार, सकाळी ११:००

काका, श्रीलिपी, कृतिदेव हे जुने फॉन्ट युनिकोड नाहीत. आतून ती इंग्रजी अक्षरंच असतात, फॉन्ट त्यांना मराठीचा सदरा घालतो. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करावं लागतं, त्याचे कन्व्हर्टर मिळतात. जोडाक्षरं आणि रफार नंतर नजरेखालून घाला. कागदच उरला असेल तर स्वच्छ फोटो काढून गूगल लेन्समधून मजकूर उचला. आणि मराठी मजकूर अशा मॉडेलांत इंग्रजीपेक्षा जास्त तुकड्यांत मोडतो, त्यामुळे फुकटची मर्यादा लवकर संपते. अहवाल एकदम न टाकता प्रकरणवार टाका.

दप्तरवाली | शनिवार, दुपारी १:२०

तिसरा प्रश्न राहिलाच. देणगीदाराला सांगायचं का?

सातपूर_सीएसआर | शनिवार, दुपारी ४:४०

भाषांतराला, व्याकरणाला मदत घेतली तर मला सांगायची गरज वाटत नाही. पण विचारलं तर खरं सांगा. बाहेर काय चाललंय ते बघा. संशोधनाला पैसे देणाऱ्या ब्रिटनमधल्या वेलकम आणि इतर संस्थांनी सप्टेंबर २०२३ मध्येच एकत्र निवेदन काढलं, की वापरलंत तर नमूद करा. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं २०२५ मध्ये आणखी पुढे जाऊन सांगितलं की मुख्यतः एआयनं लिहिलेला अर्ज अर्जदाराचा स्वतःचा धरणार नाही, आणि एका मुख्य संशोधकाला वर्षाला सहाच अर्ज. काही जण धडाधड अर्ज सोडायला लागले म्हणून. तुमच्या विश्वस्त काकांना हे दाखवा. आपल्याकडे अर्जांवर असा आकडा कुणी घातलेला मी तरी पाहिला नाही, पण महिन्याला दहा येऊ लागले तर मी न वाचता बाजूला ठेवीन. तोही एक आकडाच.

आणि उलट बाजूही विचारा. मी तुमचं प्रपोजल वाचायला एआय वापरतो का? याच अमेरिकन संस्थेनं परीक्षकांना अर्ज चॅटबॉटमध्ये टाकायला २०२३ पासून बंदी केली आहे. इथे अशी बंदी मला कुणी घातलेली नाही. मी टाकत नाही, पण माझ्या जागी दुसरा बसला की काय करेल ते सांगू शकत नाही. तेव्हा गोपनीय काही असेल तर प्रपोजलमध्येच लिहू नका.

पायरीवरची_वकील | शनिवार, सायंकाळी ६:१५

हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. करारात एक कलम घालून घ्या मग, की संस्थेनं दिलेली लाभार्थ्यांची माहिती देणगीदारही अशा साधनात टाकणार नाही. मसुदा हवा असेल तर निरोप करा.

पाड्यावरचा | रविवार, रात्री ९:३५

वीजबिलाचं उत्तर घेऊन आलो. ताईंचे प्रश्न वाचून मी आमच्याकडच्या एका पाड्यावर तोच विषय काढला. आज बैठक होती. बाया म्हणाल्या, बिलाला दर घरटी वर्गणी देऊ, पण चार महिने आम्ही खाली द्राक्षाला असतो, त्या महिन्यांचं देणार नाही. बरोबरच आहे. मग एका आजोबांनी विचारलं, मोटरच कशाला? झरा वस्तीच्या वर आहे, नळीनं उतारानं पाणी येईल की. इंजिनिअर साहेब गप्प. आता उंची मोजायला परत यायचं कबूल केलंय. झालं तर मोटर, वीज, बिल, सगळंच बजेटमधून गेलं.

दप्तरवाली | रविवार, रात्री १०:०५

दादा, आमचा झरा खाली आहे, आम्हाला चढवावंच लागेल. पण चार महिन्यांच्या वर्गणीचा मुद्दा आमच्याकडेही तसाच लागू आहे. विचारते.

सातपूरवाले दादा, उत्तरं आली की आधी कन्सेप्ट नोट पाठवू का? प्रपोजल नाही, दोनच पानं. आणि पाड्याचा ठराव मराठीत आहे, त्याचं भाषांतर जोडू?

सातपूर_सीएसआर | सोमवार, सकाळी ८:०५

पाठवा. ठराव मराठीतच जोडा, सह्या-अंगठ्यांसकट. भाषांतर नको, मला मराठी येतं. बजेटची एक्सेल फाईल वेगळी द्या, पीडीएफ नको. पीडीएफमधली बेरीज मला कॅल्क्युलेटरवर करत बसावी लागते.

हिशेबनीस | सोमवार, सकाळी ८:३०

ऐका! आणि सूत्रं पुसून नुसते आकडे चिकटवलेली एक्सेलही नको.